बाविसावा डबा

चाचा काचेच्या नळीतल्या तेलावर तेजाब म्हणजे ॲसिड ओतायचे, नळी हलवून लाकडी घोडीत उभी करायचे आणि तिच्याकडं पाठ करून भिंतीसमोर उभे राहायचे. मनात शंभर मोजायचे. मान किंचित डुलायची, त्यावरून मोजणं चालू आहे एवढं कळायचं. तेवढ्या वेळात अध्यक्ष येवोत की तहसीलदार, चाचा वळायचे नाहीत. कुणी फारच घाई केली तर भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणायचे, "इत्मिनान हुं द्या, खातरी हुं द्या."

मी एकदा विचारलं होतं, नळीकडं बघत का उभे राहत नाही म्हणून. ते म्हणाले, "बघत बसलं की डोळ्याला पायजे तोच रंग दिसतो, बाई. म्हून एकदाच बघायचं."

असा मनुष्य तुम्हीही कुठं ना कुठं पाहिला असेल. सगळ्या ऑफिसात एक असतो, ज्याच्यामुळं काम अडतं आणि ज्याच्यावाचून काम होत नाही. आमच्या संघात ते चाचा होते. लोहाऱ्यात मशिदीच्या मागं दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको राहायची. तीस वर्षं त्यांनी एका सरकारी शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतल्या होत्या. शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतलं. मराठी अक्षरं ते बोट ठेवून वाचायचे. पण तेजाबाच्या बाटलीला हात लावायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून निवृत्तीनंतर अध्यक्षांनी त्यांना बोलावून घेतलं. उजव्या हाताची तीन बोटं कायमची पिवळी झालेली. लहान मुलं विचारायची, चाचा, हळद लागली का? ते म्हणायचे, हळद धुतली की जाते.

संघ कशासाठी निघाला ते सांगायला हवं. आमच्या भागातलं लाकडी घाण्याचं करडईचं तेल पूर्वी सोलापूरच्या बाजारात नाव सांगून विकलं जायचं. मग तिथले काही व्यापारी भलतंच तेल आमच्या गावांच्या नावावर खपवायला लागले. गिऱ्हाईक फसलं की नाव आमचं खराब व्हायचं. म्हणून आसपासच्या घाणेवाल्यांनी मिळून संघ काढला आणि ठराव केला की प्रत्येक डब्यावर घाण्याच्या गावाचं नाव आणि डब्याचा नंबर रंगवायचा, तेल तपासायचं आणि तोंडाला तार घालून शिशाचं सील दाबायचं. ते सील असेल तरच तेल आमचं. रंगवायचं काम माझं. माझे यजमान लोहाऱ्यातल्या शाळेत मास्तर होते आणि माझं अक्षर बरं होतं, एवढ्यावर मला नोकरी मिळाली होती. सील दाबायचा चिमटा मात्र चाचांकडं. तो ते शेरवानीच्या आतल्या खिशात ठेवायचे.

चाचांइतका भित्रा माणूस मी पाहिला नाही. कुत्र्यांना भिऊन लोहाऱ्यातल्या तीन गल्ल्या त्यांनी जन्मात पाहिल्या नव्हत्या. वीज चमकली की ते टेबलाखालचं पितळी घमेलं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायचे. तेजाबाची बाटली उमरग्याहून आणताना ती वाळूच्या बादलीत खोचून, बादली मांडीवर घेऊन एसटीत बसायचे आणि खड्डा आला की ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही अशा आवाजात "आस्ते, आस्ते" म्हणायचे. आम्ही हसायचो. ते आमच्या हसण्यालाही थोडे भ्यायचे.

पण त्यांची खरी भीती निराळी होती आणि ती त्यांनी मला एकदाच सांगितली. ते सोळा-सतरा वर्षांचे असताना मामाच्या गावाला गेले होते. मामाच्या घरात एकाएकी सगळ्यांचे पाय सुजले. मग दम लागायला लागला. कुणी म्हणालं वारं लागलं, कुणी म्हणालं करणी केली. महिन्याभरात मामा, मामी आणि त्यांची मोठी मुलगी गेली. चाचा भाजी-कालवण खायचे नाहीत, दुधाशी भाकरी खायचे, ते वाचले. फार वर्षांनी शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी त्यांना सांगितलं की पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल खाण्यात आलं की असं होतं. त्याच मास्तरांनी त्यांना तेजाबाची परीक्षा शिकवली. तेल चांगलं असेल तर नळीच्या तळाचं तेजाब फिकं राहतं. धोतरा असेल तर ते नारिंगी, तांबडं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात हा धोतरा सगळीकडं माजला. रानात दुसरं काही उगवतच नव्हतं. काटेरी पानं, जनावर तोंड लावत नाही, त्यामुळं पडीक जमिनीत मैलच्या मैल पिवळी फुलं. येणारे-जाणारे म्हणायचे, काय सुंदर दिसतंय. चाचा एसटीच्या त्या बाजूला बसायचे नाहीत. खडी फोडायच्या दुष्काळी कामावरून परतताना बायका त्याच्या शेंगा झोडून बी गोळा करायच्या. एक व्यापारी ते साबणासाठी आणि दिव्याच्या तेलासाठी घ्यायचा. त्यात वाईट काही नव्हतं. ज्याच्या घरात दाणा नाही त्यानं आणखी काय विकावं?

त्या उन्हाळ्यात एका गावच्या घाण्यावरून बावीस डबे आले. गावाचं नाव मी सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. नियमाप्रमाणं चाचांनी पुढचा एक डबा उघडला, तेल काढलं, तेजाब ओतलं, भिंतीकडं तोंड केलं, शंभर मोजले. तेजाब फिकं. थोडं तेल बाटलीत भरून कपाटात ठेवलं आणि बावीसही डब्यांना सील दाबलं. सोलापूरला जाणारा ट्रक तेव्हा बंद होता, म्हणून ते डबे आसपासच्या गावांतच गेले. बरेचसे सभासदांच्या घरी, काही दुकानांत. एक माझ्या घरी.

तीन-चार आठवडे झाले असतील. दुपारी ऑफिसच्या पायरीवर एक बाई येऊन टेकली. बौद्धवाड्यातली, खडीच्या कामावर जाणारी. तिला तेल हवं होतं. चाचा तिला सांगायला गेले की नवा माल आला नाही, आणि बोलता बोलता थांबले. ते तिच्या पायांकडं बघत होते. खाली बसून त्यांनी विचारलं, हात लावू का. तिनं नवलानं हो म्हटलं. चाचांनी घोट्याच्या वर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

"तेल कुठलं खाता?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच की," ती म्हणाली. "शिक्क्याचं."

चाचा उठले. कपाटातली बाटली त्यांनी काढली, झाकण मी उघडून दिलं. त्यांनी परीक्षा केली. तेजाब फिकं होतं. मी झाकण लावून बाटली परत कपाटात ठेवली. तोवर अध्यक्ष आले होते. ते वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते. त्यांनी समजावलं की उपासमारीनंसुद्धा पाय सुजतात, कामावरच्या किती बायकांचे सुजलेत, तेलाचा काय संबंध. ते खरंही होतं. तिथं थांबता आलं असतं.

चाचा मात्र खुर्चीत बसून राहिले. थोड्या वेळानं माझ्याकडं न बघता म्हणाले, "म्या एकच डबा बघितला, बाई. एकवीस बघितलेच न्हाईत."

मग त्यांनी विचारलं की त्या बावीसातला डबा जवळपास कुणाकडं आहे. मी म्हटलं, माझ्याकडं आहे.

म्हणता म्हणताच मी घराकडं निघाले. कारण आठ दिवसांपासून माझ्या सासूबाईंचे पाय सुजत होते. वयामुळं असेल असं मी स्वतःला सांगितलं होतं. ऑफिस ते घर पाच मिनिटांची वाट. सासूबाई उंबऱ्यात बसून डाळ निवडत होत्या आणि मला बघून म्हणाल्या की आज जिना चढताना दम लागला. माझी मुलगी चार वर्षांची, आत झोपली होती. मी आधी तिच्याकडं गेले. तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि लगेच भरला. मी पुन्हा दाबला. झोपेत ती रडली. मग चुलीपाशी गेले. फोडणीची भाजी तशीच झाकून ठेवलेली होती, सकाळी मीच केलेली. मी वाटीत तेल घेतलं आणि कुणाला काही न सांगता निघाले.

चाचांनी ते तेल नळीत घेतलं. तेजाब ओतलं. नळी घोडीत ठेवली आणि नेहमीसारखे भिंतीकडं वळले. मी वळले नाही. मला वळता आलं नाही. नळीच्या तळाशी आधी काहीच नव्हतं. मग कडेनं पिवळं आलं, मग नारिंगी, मग पिकल्या शेंदरी आंब्याच्या सालीसारखं तांबूस. चाचांची मान अजून डुलत होती.

"काय रंग आला?" त्यांनी भिंतीकडंच बघत विचारलं.

मी घोडी टेबलावर त्यांच्या बाजूला सरकवली. तो आवाज ऐकून ते वळले.

घाणेवाल्याला त्याच दिवशी बोलावलं. त्यानं काही लपवलं नाही. व्यापाऱ्यासाठी त्यानं धोतऱ्याचं दिव्याचं तेल काढून दिलं होतं. ते थोडं उरलं, आणि करडई कमी पडल्यामुळं शेवटचे डबे पुरे भरत नव्हते. दुष्काळात तेल सांडून कसं द्यायचं, म्हणून त्यानं ते त्यात ओतलं. थोडंसंच होतं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याच्या स्वतःच्या घरी त्यातलाच डबा होता. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो धावतच निघाला.

अध्यक्षांचं म्हणणं पडलं की डबे गुपचूप परत मागवावेत, डबे गळतात असं सांगावं. विषाचं नाव निघालं तर सील संपलं, संघ संपला, सगळ्या गावांचे घाणे बसले. चाचा त्यांच्यापुढं कधी मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशीही मान खालीच होती. त्यांनी एवढंच विचारलं की गळतो म्हटल्यावर डबा परत कोण देईल. लोक खालून लाख लावतील आणि तेल खातील.  अध्यक्षांनी जीप दिली. स्वतः मात्र आले नाहीत.

कुठल्या नंबरचा डबा कुणाकडं ते मला माहीत होतं, म्हणून मी बरोबर गेले. सासूबाईंना यजमानांनी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं. जीपमध्ये चाचा एकदाही "आस्ते" म्हणाले नाहीत. ओठ मिटून बसले होते. पहिल्या गावात कोतवालानं दवंडी दिली आणि लोक जमल्यावर चाचांनी सांगितलं की ह्या ह्या नंबरच्या डब्यात विष आहे आणि त्यावर सील माझ्या हातचं आहे. मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं.

तुम्ही जरा डोळ्यांपुढं आणा. दुष्काळाचं दुसरं वर्ष. एक परका म्हातारा, मुसलमान, गावात येऊन सांगतोय की तुम्हाला विष मीच मोहर करून दिलं. मला त्या दिवशी प्रत्येक गावाच्या वेशीत वाटायचं की जीप इथूनच वळवावी.

सास्तूरच्या पलीकडं एका गावात आम्ही पोचलो तर तिथं एक म्हातारा गेलेला होता. दोन दिवस झाले होते. त्याचा मुलगा, पस्तिशीचा, डोकं भादरलेला, लोकांतून पुढं आला. त्यानं चाचांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"शिक्का कुणी मारला?"

"म्या," चाचा म्हणाले.

तो घरात गेला. आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. जीपच्या ड्रायव्हरनं हळूच गाडी चालू केली. माझ्या मनात कुऱ्हाडच आली. चाचा जागचे हलले नाहीत. तो माणूस बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात डबा होता, माझ्या अक्षरातला. त्यानं तो चाचांच्या पायाशी ठेवला.

"घरात धा माणसं हायती," तो म्हणाला. "सकाळीबी ह्यातलंच खाल्लंय. आता काय करू ते तुमीच सांगा."

चाचा धुळीत खाली बसले. घरातल्या दहाही माणसांना त्यांनी एकेक करून पुढं बोलावलं, प्रत्येकाच्या पायावर पिवळा अंगठा दाबला, आणि ज्यांचा खड्डा भरला नाही त्यांना जीपमध्ये बसवलं. त्या माणसाच्या स्वतःच्या पायावरचा खड्डाही भरला नाही. जीप भरून दवाखान्याकडं गेली. आम्ही दोघं पुढच्या गावाला चालत गेलो.

सगळे असे नव्हते. एका बाईनं डबा कडब्याच्या गंजीत लपवला. तिचं म्हणणं, आमच्यात कुणाला काही झालं नाही, आणि हे नेलं तर दुसरं कुठलं तेल आणू?  चाचा तिच्या दारात बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं, कलायला लागलं. शेवटी तिनंच डबा आणून दिला आणि वर पाण्याचा तांब्या दिला.

चार दिवसांत एकवीस डबे हाती आले. संघाच्या मागं खड्डा खणून तेल त्यात ओतलं, वर चुना टाकला. बाविसावा डबा दुकानदारानं आठवडी बाजारात विकला होता. बैलगाड्यांतून बिऱ्हाडं घेऊन पोट भरायला निघालेल्या लोकांनी मिळून तो घेतला होता. कुठली माणसं, कुठं निघालेली, त्यानं विचारलं नव्हतं. गाड्या मावळतीकडं गेल्या, एवढंच त्याला आठवत होतं.

चाचा त्या गाड्यांच्या मागं गेले. परंड्याकडं, बार्शीकडं, एसटी जाईल तिथं. चैत्रात सोनारीला भैरवनाथाची यात्रा भरते, तिथं सगळीकडची माणसं येतात, म्हणून तिथंही गेले. माझ्याकडून त्यांनी डब्याचा नंबर एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात रंगवून घेतला होता. तो पुठ्ठा छातीशी धरून ते गाडीतळावर तीन दिवस उभे होते, असं मला तिथून आलेल्या एकानं सांगितलं. कुत्री पायात घोटाळत होती तरी उभे होते. बिऱ्हाडवाल्या पुष्कळ लोकांनी त्यांना थांबून विचारलं, काय विकता म्हणून. डबा मिळाला नाही.

आमच्या भागात सगळी मिळून तीन माणसं गेली. पायरीवर बसलेली ती बाई वाचली. माझ्या सासूबाईंचे पाय उतरायला दोन महिने लागले, आणि पुढं त्यांनी फोडणीच्या वासाचा धसका घेतला. घाणेवाल्यानं घाणा मोडून सरपण केलं. संघ बुडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो बुडाला नाही. वर्षभर कुणी डबा घेतला नाही. मग हळूहळू लोक यायला लागले. येणारा विचारायचा, चाचांनी हा डबा बघितलाय का? कारण आता चाचा प्रत्येक डबा उघडायचे. प्रत्येकाला शंभर मोजायचे. काम फार संथ झालं, अध्यक्ष वैतागायचे, पण थांबवायची हिंमत त्यांना झाली नाही. चाचांच्या बायकोनं मला सांगितलं की घरी ते तेलाचं काहीच खात नाहीत. स्वतः तपासलेलंही नाही.

सात-आठ वर्षांनी ते अंथरुणाला लागले. मी भेटायला गेले तेव्हा बरेच वाळले होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग ते म्हणाले, "बाई, त्या गाड्यांत पोरंबी आसतील."

मी म्हटलं, "चाचा, डबा सापडला."

मला हे बोलायचं आहे हे मलाही माहीत नव्हतं. ते उठून बसायला बघत होते. मी सांगत गेले. बार्शीच्या बाजूला यजमानांच्या ओळखीचे एक मास्तर आहेत, त्यांच्या गावात एका घरी तो डबा माळ्यावर होता, माझ्या अक्षरातला नंबर त्यांनी ओळखला. लोक तिथंच स्थायिक झालेत, सगळे बरे आहेत.

"सील?" त्यांनी विचारलं.

"तुटलेलं नव्हतं."

"तुमी सोता बघितलं?"

"स्वतः बघितलं," मी म्हटलं.

ते माझ्याकडं बघत राहिले.  मग बायकोला हाक मारून म्हणाले, बाईंना चहा टाक, साखर जास्त टाक. चहा होईपर्यंत त्यांचा डोळा लागला होता. आठवड्यानंतर ते गेले. मयतीला सास्तूरच्या पलीकडचा तो माणूस आला होता, घरातली सगळी माणसं घेऊन. मोजली नाहीत, पण गाडी भरली होती.

त्यांनी माझं बोलणं खरं मानलं की नाही, मला कळलं नाही. मलाही तेव्हा वाटलं होतं की आता ते संपलं. पण तसं झालं नाही. आता माझ्या पायांनाही वयानं सूज येते आणि मी अंगठा दाबून बघते. प्रवासात कुठं बैलगाडीखाली टांगलेला, कुठं छपराला भोक पडलं म्हणून ठोकलेला, कुठं कोंबड्यांना पाणी ठेवलेला गंजका डबा दिसला की मी गाडी थांबवते, उतरते आणि तो फिरवून बघते.